कुटुंब नियोजनाच्या कामाचा ‘इम्पॅक्ट’ नक्की मोजायचा कसा?

गवतफुला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल देणेघेणे. मी एका छोट्या संस्थेत आहे, आदिवासी पट्ट्यात, जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चाळीसेक गावं-पाडे, सगळी मिळून लोकसंख्या तीसेक हजार. काम असं की गावातल्याच बायकांना ट्रेनिंग दिलंय, त्या घरोघरी जाऊन पाळणा लांबवण्याबद्दल बोलतात, गोळ्या-निरोध पोचवतात, कुणाला तांबी किंवा ‘अंतरा’चं तीन महिन्यांचं इंजेक्शन हवं असेल तर आशाताईंबरोबर उपकेंद्रात घेऊन जातात. दोन वर्षं झाली. आता पैसे देणारे म्हणतात इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन करून द्या, त्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

आमच्या सरांनी पीएचसीतून जन्माचे आकडे आणले, काम सुरू व्हायच्या आधीचं वर्ष आणि आत्ताचं वर्ष. साधारण दहा टक्के घट दिसतेय. सर खूष, म्हणे लिहून टाक आमच्यामुळे जन्म दहा टक्क्यांनी घटले. मला ते लिहवत नाहीये, काहीतरी गडबड वाटतेय पण सरांना पटेल असं मांडता येत नाही. शिक्षण एमएसडब्ल्यू, स्टॅट्सचा आणि माझा छत्तीसचा आकडा. या क्षेत्रातले लोक हे कसं मोजतात? आमच्यासारख्या लहान संस्थेला झेपेल असं काही असतं का? प्लीज सोप्या भाषेत सांगा.

दुर्बीण

सरांना म्हणावं जरा दमानं. आधी नुसतं गणित बघू, लोकसंख्याशास्त्र नंतर.

तीस हजार लोकसंख्या, जन्मदर हजारी १७ धरला तर वर्षाला ५१० जन्म. आता गावात काहीही बदललं नाही तरी हा आकडा दरवर्षी तोच येत नसतो, एका वर्षी ४८०, एका वर्षी ५३५ असं निव्वळ योगायोगानं होतं. ढोबळ हिशोब असा की जेवढे जन्म त्याचं वर्गमूळ काढायचं, इथे ते साडेबावीसच्या आसपास येतं, दोन वर्षांची वजाबाकी करताय म्हणून त्याची १.४ पट म्हणजे ३२, आणि शंभरातल्या ९५ वेळा फरक याच्या दुपटीच्या आत राहतो. म्हणजे साठ-पासष्ट जन्म इकडचे तिकडे, १२ टक्के झाले की. तुमचे १० टक्के त्यात आरामात बसतात. हे एवढंच सरांना कागदावर करून दाखवा.

दुसरं म्हणजे जन्मदर तसाही घटतोच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर (म्हणजे बाईमागे सरासरी किती मुलं) १९९२-९३ मध्ये २.९ होता, २००५-०६ मध्ये २.१, २०१९-२१ मध्ये १.७. तुमची संस्था नसलेल्या गावातही मुली उशिरा लग्न करतायत, शाळा जास्त शिकतायत. आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष अशी तुलना केली की हे सगळं श्रेय संस्थेच्या खात्यात जमा होतं. आणि वेळेचंही बघा, जी बाई आज गोळी सुरू करते ती आज नाही, पुढच्या वर्षी बाळंत होणार नसते. दोन वर्षांच्या प्रोजेक्टमधलं पहिलं वर्ष ट्रेनिंग-ओळखीत जातं, त्याचा परिणाम जन्मांच्या रजिस्टरला इतक्यात दिसायला लागला तर मला उलट संशय येईल.

या विषयात सगळ्यात जास्त उगाळलेलं उदाहरण बांगलादेशातल्या मतलबचं. ढाक्यापासून पन्नासेक किलोमीटरवर नदीनाल्यांचा मुलूख, तिथे कॉलऱ्याच्या संशोधनासाठी १९६६ पासून घराघरातले जन्म, मृत्यू, लग्नं, कोण आलं कोण गेलं सगळं नोंदवलं जायचं. १९७५ मध्ये त्यांनी आधी सोपा प्रयोग केला, गावातल्या वयस्कर, बहुतेक निरक्षर बायकांकडून घरोघर गोळ्या वाटल्या. वापर एकदम वाढला आणि काही महिन्यांत पडला, कारण गोळीनं मळमळ झाली, अंगावरून जास्त गेलं तर विचारायचं कुणाला? मग ऑक्टोबर १९७७ मध्ये दुसरा प्रयोग. तरुण, शिकलेल्या, लग्न झालेल्या, स्वतः साधन वापरणाऱ्या बायका नेमल्या, त्या दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायच्या, इंजेक्शन घरी द्यायच्या, त्रास झाला तर मागे डॉक्टर. हे साधारण सत्तर गावांत, आणि शेजारच्या तेवढ्याच किंवा थोड्या जास्त गावांत फक्त सरकारी नेहमीची सेवा. दीड वर्षात साधन वापरणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून तिशीपार गेलं.

आता खरी गंमत पुढे आहे. ज्या गावांत हे काम नव्हतं तिथेही नंतर जन्म घटलेच, कारण अख्ख्या बांगलादेशातच घटत होते. नुसतं आधी-नंतर बघितलं असतं तर सगळी घट मतलबच्या बायकांच्या नावावर गेली असती. दोन्ही बाजूंची तुलना केल्यावर नंतरच्या अभ्यासकांना, शरीन जोशी आणि पॉल शुल्झ यांना, फरक १५ टक्क्यांच्या आसपास मिळाला, आणि तो बरीच वर्षं टिकलेला मिळाला. १५ टक्के म्हणजे मोठाच आकडा आहे हं. पण एवढा पैसा, दर पंधरा दिवसांनी भेट, असं सगळं ओतून १५. तुमचे सर दोन वर्षांत दहा मागतायत.

लालत्रिकोण

अगं गवतफुला, मी पस्तीसेक वर्षं एएनएम (उपकेंद्राची सिस्टर) आणि मग एलएचव्ही (सिस्टरांवर देखरेख करणारी) म्हणून नोकरी करून रिटायर झाले, आकडेशास्त्र मला येत नाही पण ते रजिस्टर कसं भरतात ते येतं, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, पीएचसीच्या जन्माच्या आकड्यावर इम्पॅक्ट काढू नको. जन्माची नोंद कायद्याने जिथे बाळंतपण झालं तिथे होते. पहिलटकरीण माहेरी जाते, तिची नोंद तिकडे. अवघडलेली केस तालुक्याला किंवा सिव्हिलला पाठवली, नोंद तिकडे. वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेली बाई कोपीवरच बाळंत झाली तर नोंद झाली तर झाली. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला, माणसं लवकर गेली आणि उशिरा आली की तुझ्या गावातले जन्म कागदावर घटले, यात तुमच्या संस्थेनं काय केलं सांग बरं. त्यात २००१ नंतर ग्रामपंचायतीला दोन अपत्यांचा नियम आला, मग इलेक्शनला उभं राहायचं असेल त्या घरातलं तिसरं पोर कुणाच्या तरी भावाच्या नावावर लागतं, हे सगळ्या सिस्टरांना माहिती असतं आणि कुणी बोलत नाही.

दुसरं, साधनं किती वाटली यावर जाऊ नको. आमच्या वेळी टार्गेट असायचं, हिशोब ठरलेला, तीन तांब्या म्हणजे एक ऑपरेशन, गोळ्यावाल्या नऊ बायका म्हणजे एक ऑपरेशन, निरोधवाले अठरा म्हणजे एक. मार्च आला की निरोधचे खोकेच्या खोके कागदावर वाटले जायचे. ९६ च्या एप्रिलपासून टार्गेट गेलं म्हणाले, पण शब्द गेला, ‘अपेक्षित कार्य’ असं नवीन नाव आलं, साहेबांचा फोन तोच. एका घरी गेले होते, बाई म्हणाली सिस्टर गोळ्या रोज घेते, मी म्हटलं पाकीट दाखव. पत्र्याच्या पेटीतून लुगड्याच्या घडीखालून काढली, चार पाकिटं, चारही कोरी. रजिस्टरला ती बाई चार महिने ‘संरक्षित जोडपं’. म्हणून सांगते, पाकिटं मोजायचीच तर रिकामी मोज.

मापदंड

लालत्रिकोणताई, तुमचा प्रतिसाद आमच्या क्लासमध्ये वाचून दाखवायला हवा होता. (मी गोवंडीच्या संस्थेत शिकलोय, डेमोग्राफी, आता वेगळंच काहीतरी करतो.)

तुम्ही सांगितलेलं कोरी पाकिटं प्रकरण पंजाबात फार मोठ्या प्रमाणावर झालंय. लुधियान्याजवळ खन्ना म्हणून गाव आहे, तिथल्या आसपासच्या खेड्यांत पन्नासच्या दशकात हार्वर्डच्या लोकांनी अभ्यास केला, काही गावांत फेसाच्या (गिळायच्या नाही, योनीत ठेवायच्या) गोळ्या वाटल्या, काही गावं तुलनेला ठेवली. घेणारे भरपूर, नाही कशाला म्हणायचं, एवढ्या लांबून साहेब आलेत. जन्मदरात मात्र तुलनेच्या गावांपेक्षा म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नंतर महमूद ममदानी नावाचे अभ्यासक तिथल्या एका गावात जाऊन राहिले तेव्हा लोकांनी सांगितलं, आम्हाला मुलं हवीच होती, शेतावर हात लागतात. एकानं तर त्या गोळ्यांच्या डब्यांची शोभेची मूर्ती करून ठेवलेली. म्हणजे ‘स्वीकारलं’ आणि ‘वापरलं’ आणि ‘त्यामुळे जन्म टळला’ या तीन अगदी वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, बहुतेक रिपोर्ट पहिल्या पायरीवर उभे राहून तिसरीचा दावा करतात.

आता पैसेवाले बहुतेक तुम्हाला ‘कपल इयर्स ऑफ प्रोटेक्शन’ मागतील, शॉर्टमध्ये सीवायपी. त्यात १२० निरोध म्हणजे एक वर्ष, गोळ्यांची १५ पाकिटं म्हणजे एक वर्ष, तीन महिन्यांची ४ इंजेक्शनं म्हणजे एक वर्ष, ३८० ए तांबीला ४.६ वर्षं, नसबंदीला १० किंवा देशाप्रमाणे जास्त. द्या बिनधास्त, काढायला सोपं आहे, पण त्याला इम्पॅक्ट म्हणू नका, तो माल किती हलला याचा हिशोब आहे. समजा एक बाई आधी उपकेंद्रातून गोळ्या आणायची, आता तुमची कार्यकर्ती घरी आणून देते. सीवायपीत ती तुमची झाली. गावात मात्र काहीच बदललं नाही, एका बाईची पायपीट वाचली (ते चांगलंच आहे पण तो वेगळा मुद्दा). तसंच नुकत्याच बाळंत झालेल्या, पाजणाऱ्या बाईची पाळीच सुरू नसते, तिला पहिल्या काही महिन्यांत दिलेल्या गोळीनं टळलेला जन्म जवळपास शून्य. आणि नसबंदीत वय बघायला लागतं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, आदल्या वर्षी २७ लाखांच्या आत होत्या. आकडा प्रचंड, पण त्यात ज्यांचं कुटुंब तसंही पूर्ण झालं होतं असे लोक भरपूर. चाळिशीतल्या बाईच्या नवऱ्याला धरून आणून काय टळणार? पुढच्या वर्षी लोक इतके बिथरले की आकडा दहा लाखांच्या आत आला. हे नुकसान कुठल्या सीवायपीत धरायचं?

केरळात एर्नाकुलमला १९७१ च्या जुलैत एका महिन्याच्या शिबिरात ६३ हजारांच्या वर पुरुष नसबंद्या झाल्या, तेव्हा जगभर गाजलं. अशा शिबिराचं मूल्यमापन करायचं तर महिनाभराचा आकडा बघून भागत नाही, नंतरच्या दोन-तीन वर्षांचे आकडे किती पडले ते बघावं लागतं, कारण जे पुढे करणारच होते तेही शिबिरात मिळणाऱ्या पैशासाठी आत्ताच येऊन जातात.

टवाळबाप्पू

एवढी चर्चा कशाला चाललीय कळत नाही. मुलींना शिकवा, जन्मदर आपोआप खाली येतो. केरळनं काय गोळ्या वाटून कमी केला का? कुटुंब नियोजनावर खर्च केलेला पैसा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इम्पॅक्ट शून्य, लिहून टाका आणि मोकळ्या व्हा ताई.

मापदंड

बाप्पू, तुमच्या बाजूनं बोलणारे मोठमोठे लोक आहेत, त्यामुळे उडवून लावत नाही. लान्ट प्रिचेट नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९९४ मध्ये देशादेशांची तुलना करून दाखवलं की कुठल्या देशात किती मुलं होतात यातला ९० टक्के फरक लोकांना किती मुलं हवी आहेत यावरूनच कळतो, साधनं किती उपलब्ध यावरून फार थोडा. ग्रँट मिलर यांनी कोलंबियातल्या प्रोफॅमिलिया या कुटुंब नियोजन संस्थेचा अभ्यास केला, गावोगावी सेवा वेगवेगळ्या वर्षी पोचली होती त्याचा फायदा घेऊन. तिथेही एकूण घटीतला दहा टक्क्यांपेक्षा कमी वाटा कार्यक्रमाचा निघाला. पण त्याच अभ्यासात हेही निघालं की ज्या मुलींच्या गावात कोवळ्या वयात सेवा आली त्यांचं पहिलं मूल पुढे ढकललं गेलं, त्या थोडं जास्त शिकल्या आणि नोकरीत जास्त दिसल्या. एकूण मुलांची संख्या फार हलली नाही, पण कधी झाली ते हललं. फक्त जन्मदर मोजणाऱ्याच्या हातातून हे सगळं निसटतं.

आणि तुमच्या आपोआपला बांगलादेशच आडवा येतो. १९७५ मध्ये तिथे बाईमागे सहाच्या वर मुलं होती, १९९३-९४ मध्ये ३.४. तेव्हा तो देश ना श्रीमंत होता ना बायका फार शिकलेल्या. पाकिस्तानात तेव्हा पाचाच्या वर. नुसत्या शिक्षणानं हे सुटत नाही. हवी असलेली मुलंही कार्यकर्ती दारात येऊन बोलायला लागली की बदलू शकतात, त्यामुळे प्रिचेट यांचं ‘हवी तेवढीच होतात’ हे पूर्ण उत्तर नाही असं मला वाटतं. यावर अजून भांडणं चालू आहेत, चालू राहतील.

टवाळबाप्पू

ठीक आहे, शून्य मागे घेतो. दहा टक्के घ्या. :)

गवतफुला

बापरे, किती शिकायला मिळतंय! सरांना वर्गमूळवालं गणित दाखवलं, आधी चिडले, मग स्वतःच कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

दुर्बीण, मतलबसारखी तुलनेची गावं आम्ही आता कुठून आणायची? शेजारी आमचं काम नसलेली गावं आहेत, पुढच्या टप्प्यात त्यातली तीस घ्यायचीयत. आणि खरं सांगते, आमची चाळीस गावं कशी निवडली तर जिथले सरपंच तयार झाले ती घेतली. आणखी एक, आमच्याकडे अर्धं गाव स्थलांतराला जातं, भोंगऱ्या बाजार (होळीच्या आधी भरतो तो) लागला की परत यायला लागतात.

दुर्बीण

सरपंच तयार होता ती गावं म्हणजे रस्त्याजवळची, शाळा बरी चालणारी, आशा कामाची असलेली गावं असणार, बघा तपासून. त्यांची तुलना आडबाजूच्या पाड्यांशी केली तर तुमची गावं तुमच्याशिवायही चांगलीच दिसणार. सरकारी योजनांत हेच उलट होतं. केंद्र सरकारनं कुटुंब नियोजनासाठी मिशन परिवार विकास २०१६ मध्ये काढलं ते मुद्दाम प्रजनन दर ३ किंवा त्याहून जास्त असलेल्या १४६ जिल्ह्यांत. आता ते जिल्हे आणि बाकीचे जिल्हे शेजारी ठेवले तर वाटेल योजनेनंच मुलं वाढवली! कार्यक्रम कुठे गेला आणि का गेला हे आधी लिहून काढल्याशिवाय एकही टक्का लिहू नये.

झालेल्या चाळीस गावांचं आता फार काही करता येणार नाही. त्यातल्या त्यात, काम नसलेली पण रस्ता, शाळा, उपकेंद्राचं अंतर, समाज या बाबतीत सारखी गावं शोधा आणि फरकातला फरक काढा. म्हणजे समजा तुमच्याकडे साधन वापरणाऱ्या बायका शंभरात २० होत्या त्या ३२ झाल्या, तिकडे १८ च्या २५ झाल्या, तर तुमचे बारा नाहीत, बारातून सात गेले, पाच. यात गृहीत असं की तुम्ही नसता तर दोन्हीकडे सारखीच वाढ झाली असती. ते खरं होतं का हे आधीच्या दोन-तीन वर्षांचे आकडे बघून थोडंफार कळतं. पण आधीची पाहणी केलीच नसेल तर बायकांना मागचं विचारावं लागेल, मोठ्या पाहण्यांत महिन्यामहिन्याचं कॅलेंडर भरून घेतात तसं, कुठल्या महिन्यात गरोदर, कुठल्या महिन्यात काय वापरलं, का सोडलं. आठवणीत घोळ होतो, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

पुढच्या तीस गावांत मात्र तुम्हाला सोन्यासारखी संधी आहे. तीसही गावांत एकदम काम सुरू करायला तुमच्याकडे माणसं आहेत का? नसणारच. मग पंधरा या वर्षी, पंधरा पुढच्या वर्षी, आणि आधी कुठली ते सगळ्या सरपंचांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. कुणावर अन्याय नाही, सगळ्यांना मिळणारच आहे. वर्षभर ती मागची पंधरा गावं तुमची तुलनेची गावं. फक्त एकमेकांना चिकटलेले पाडे एकाच चिठ्ठीत टाका, नाहीतर या पाड्यातल्या गोळ्या त्या पाड्यातल्या बहिणीकडे जातात आणि फरक पुसला जातो. पंधरा-पंधरा गावांत जन्मदरातला फरक दिसणार नाही हे पहिल्याच पानावर लिहा, आणि त्याऐवजी काय मोजणार ते सांगा.

मापदंड

काय मोजायचं त्यावर माझे दोन पैसे. ज्या बाईला दोन वर्षं तरी मूल नकोय पण काहीच वापरत नाहीये, तिला आपल्याकडे ‘अपूर्ण गरज’ म्हणतात. देशपातळीवर २०१९-२१ मध्ये ती ९.४ टक्के होती. पण तोही आकडा नुसता घेऊ नका, कारण बाईला साधन नको असू शकतं, आणि नको म्हणायचा तिला हक्क आहे. त्यापेक्षा सुरुवातीला प्रत्येक बाईला विचारा, पुढचं मूल हवंय का, हवं तर कधी. वर्ष-दीड वर्षानं त्याच बाईला परत गाठा आणि बघा, तिनं म्हटलं तसं झालं का. हे आधीच विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण कडेवरचं पोर घेऊन बसलेली आई ‘हे नको होतं’ असं कधीच सांगत नाही, सांगूही नये. आपल्याकडे चोविशी-पंचविशीत टाक्याचं ऑपरेशन होऊन विषय संपतो, त्यामुळे पाळणा लांबवण्याची साधनं किती जणींना माहिती होती, त्यातून तिनं स्वतः निवडलं का, हे विचारणारा प्रश्न ठेवा.

हो, साताऱ्याचं आठवतंय का कुणाला? २००७ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेनं नवीन जोडप्यांना पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार असं जाहीर केलं होतं, पेपरवाल्यांनी ‘हनिमून पॅकेज’ म्हणून खूप चघळलं. तिथे नाव नोंदवणाऱ्या जोडप्यांपैकी किती जणांनी लांबवलं हे मोजून काहीच कळत नाही, कारण ज्यांना लांबवायचंच होतं तीच नाव नोंदवणार. साताऱ्यातल्या सगळ्या नवीन लग्नांची तुलना शेजारच्या जिल्ह्यातल्या सगळ्या नवीन लग्नांशी करायला हवी, नाव नोंदवलेलं असो नसो.

गवतफुला

चिठ्ठ्यांची आयडिया सरांना आवडली! म्हणाले सरपंचांची कटकटही वाचेल. सर्व्हे आमच्याच कार्यकर्त्या करतील, त्या प्रत्येक घर ओळखतात, बायका त्यांच्याशी मोकळ्या बोलतात.

लालत्रिकोण

नको गं बाई. जिनं गोळ्या दिल्या तीच विचारायला गेली की घेता का, तर कोण नाही म्हणेल? तुझी ती कार्यकर्ती मनानं चांगली असेल, पण तिचा पगार त्या कागदावर आहे. दुसऱ्या तालुक्यातल्या मुली आणा, डीएडवाल्या किंवा कॉलेजच्या, भाषा येणाऱ्या पाहिजेत. पावरी-भिली न येणारी मुलगी मराठीत ‘आपण कोणते साधन वापरता’ म्हणेल आणि समोरची नुसती मान हलवेल. आणि सासू उठून गेल्याशिवाय पुढचे प्रश्न सुरू करू नका. इंजेक्शन घेणाऱ्या किती बाया नवऱ्याला न सांगता घेतात, घरात सगळ्यांसमोर विचारलं तर एक तर खोटं बोलणार किंवा संध्याकाळी मार खाणार. उपकेंद्रात वजन करायला, पोराच्या लसीला येतात तेव्हा बाजूला घेऊन विचारा पाहिजे तर.

पिशवी काढलेल्या बायकाही वेगळ्या लिहा. बीडच्या ऊसतोडीवाल्या बायांचं २०१९ ला किती गाजलं होतं, तीस-पस्तिशीतच गर्भाशय काढलेलं. त्यांना मूल होत नाही ते तुमच्या गोळ्यांनी नाही. बाई सांगताना ‘ऑपरेशन झालं’ एवढंच म्हणते, कुठलं ते दोनदा विचारावं लागतं.

मापदंड

ताईंच्या नवऱ्याच्या मुद्द्याला भक्कम आधार आहे. झांबियात लुसाकाला एक प्रयोग झाला होता, काही बायकांना साधनाचं व्हाउचर एकटीला दिलं, काहींना नवऱ्यासमोर. एकटीला मिळालं त्या जास्त संख्येनं नर्सकडे गेल्या, लपवता येईल असं साधन, म्हणजे बहुतेक इंजेक्शनच, त्यांनी जास्त घेतलं आणि नको असलेले जन्म कमी झाले. म्हणजे कार्यकर्ती घरात कधी जाते आणि तेव्हा कोण असतं, हाही तुमच्या नोंदीतला एक रकाना पाहिजे.

गवतफुला

आमच्या फॉर्ममध्ये ‘मुलाखतीच्या वेळी घरात कोण होतं’ असा प्रश्नच नाहीये, घालते. शेवटचं विचारते, पाहणी कुठल्या महिन्यात करू? फंडवाले म्हणतात डिसेंबर.

लालत्रिकोण

डिसेंबरात म्हातारी माणसं आणि कुत्री सापडतील तुला गावात. भोंगऱ्याचं नाव काढलंस तेव्हाच ओळखलं कुठला पट्टा ते, तिकडं मी होते काही वर्षं. होळीला सगळी परत येतात, तेव्हाच करा, आणि दोन्ही वर्षी होळीच्या हिशोबानंच, तारखेच्या हिशोबानं नाही, होळी पुढंमागं होते. मात्र बाजाराच्या आठवड्यात आणि होळीच्या दोन-चार दिवसांत कुणाच्या दारात फॉर्म घेऊन उभ्या राहू नका, शुद्धीवर कोण असतंय. ते उरकलं की पुढच्या सोमवारपासून सुरू करा, सकाळी लवकर, मोहाची फुलं वेचायला बायका रानात जायच्या आत.